लाकडी पंधराचं कोडं, ₹५४९: सहा महिन्यांनी (तक्रार अर्धी मागे)

जूनमध्ये घेतलं तेव्हा चार स्टार दिले होते. ऑक्टोबरात रागाच्या भरात एकावर आणले. आता तीन करतेय.

खेळ बहुतेकांना माहीत आहे: चार बाय चारच्या ट्रेमध्ये १ ते १५ आकड्यांचे ठोकळे आणि एक रिकामं घर, ठोकळे न उचलता नुसते सरकवून आकडे ओळीनं लावायचे. लेकाचा मोबाइल सुटावा म्हणून घेतला आणि पहिले दोन महिने खरंच सुटला. पॉलिश छान, आकडे कोरलेले. पावसाळ्यात लाकूड फुगून १२ नंबर अडकायला लागला, तर जरा टाल्कम पावडर चोळली. त्याचं काही नाही.

माझं भांडण खाचेवरून आहे. जत्रेत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळात ठोकळे खाचांनी एकमेकांत अडकवलेले असतात. उलटा करून आपटा, एक ठोकळा बाहेर येणार नाही. इथे ५४९ रुपये मोजले आणि ठोकळे नुसते ट्रेमध्ये ठेवलेले! दसऱ्याच्या साफसफाईत ट्रे शोकेसवरून पडला आणि पंधराच्या पंधरा सोफ्याखाली. आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हाताला येतील तसे भरून दिले. "सरकवून लागतीलच की," म्हणाले.

लागले नाहीत. वरच्या तीन ओळी बिनचूक, चौथीत १३, १५, १४. मोडून परत लावलं, परत १३, १५, १४. तीन दिवस लेक, मी, आप्पा, आळीपाळीनं. माझी एकदा भाजी करपली.

मग कस्टमर केअर. माझा दावा असा की तुम्ही १४ आणि १५ चुकीच्या ठोकळ्यांवर कोरलेत. (आता लिहिताना लाज वाटते. ठोकळे सगळे सारखेच असतात.) पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, रिटर्नची मुदत दहा दिवसांची होती." तीन फोन, दोन ईमेल झाले. ग्राहक मंचाचं नावही काढून झालं.

निकाल लावला तो आप्पांच्या बुद्धिबळानं. म्हणाले, "अगं, या ट्रेवर पटासारखी काळी-पांढरी घरं आहेत असं धर. रिकामं घर आत्ता काळ्यावर. एक ठोकळा सरकवलास की ते पांढऱ्यावर. फिरून याच कोपऱ्यात यायचं तर चाली सम व्हायला हव्यात ना?" हव्यात. आणि प्रत्येक चाल म्हणजे रिकाम्या घराची आणि एका ठोकळ्याची अदलाबदल. म्हणजे अदलाबदलीही सम. पण नुसते १४-१५ उलटे करायचे तर अदलाबदल लागते एक. मला पटेना. ओट्यावर तिखट, हळद, मोहरीच्या वाट्या ओळीत मांडल्या. कुठल्याही दोन उलट्या करायला एक लागते, फिरवून फिरवून तीन, पाच लागतात. दोनात किंवा चारात काही केल्या जमत नाही. कोडं बिघडलेलं नव्हतंच, आप्पांनी भरताना ते दुसऱ्याच अर्ध्यात जाऊन पडलं होतं. सोळा घरांच्या सुमारे २१ लाख कोटी मांडण्या होतात, त्यातल्या बरोबर अर्ध्या सरकवून कधीच लागत नाहीत.

मग वाचलं तर आमच्यासारखे वेडे १८८० सालीच होऊन गेलेले. खेळ काढला अमेरिकेतल्या कॅनास्टोटा गावच्या पोस्टमास्तरनं, नॉइज चॅपमन त्याचं नाव. श्रेय मात्र सॅम लॉइड नावाच्या अमेरिकन कोडेकारानं लाटलं आणि १४-१५ सुलटे करणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीसही लावलं. त्याचा एक डॉलर जाणार नव्हता. हे अशक्य आहे हे १८७९ मध्येच एका गणिताच्या नियतकालिकात सिद्ध होऊन छापलेलं होतं. तेव्हाही ठोकळे पेटीत सुटेच यायचे म्हणे. म्हणजे खाचेचा प्रश्न जुनाच.

एवढं कळल्यावर मी १४-१५ उचलून बदलायला गेले, तर लेकानं हात धरला. "आई, चीटिंग!" आणि पुढच्या रविवारी ट्रे समोर आणून ठेवला. रिकामं घर वर डाव्या कोपऱ्यात, त्याच्या शेजारी १, २, ३, खालच्या ओळीत ४ पासून पुढे, शेवटी १४, १५ मुकाट ओळीत. मी तर बघतच राहिले. आप्पांनी बोटांवर हिशोब केला: सगळे ठोकळे एकेक घर पुढे ढकलायला पंधरा अदलाबदली, त्यात ती १४-१५ची आपली एक, झाल्या सोळा. सम.

तर बदलून द्या ही मागणी मी मागे घेतली आहे, तसा ईमेलही केला. ठोकळे बाहेर काढू नका, काढले तर काय होईल, याची एक ओळ कागदावर छापली असती तर माझे तीन दिवस वाचले असते. खाच नाही म्हणून कापलेले दोन स्टार कापलेलेच राहतील. ट्रे आता शोकेसच्या सगळ्यात खालच्या फळीवर असतो.