ब्रदर्स इन आर्म्स: विनाईल घ्यायच्या आधी सीडी ऐका

डायर स्ट्रेट्स ह्या ब्रिटिश रॉक बँडचा ब्रदर्स इन आर्म्स हा अल्बम मी आधी कॅसेटवर ऐकला, मग सीडी आली, मग एलपी (विनाईलची तबकडी), मग एसएसीडी (जास्त बारकाव्याची सीडी), आणि आता ४५ आरपीएमचा (मिनिटाला ४५ फेरे) डबल एलपी सेटपण कपाटात आहे. हे सगळं घेऊन, नीट बसून ऐकून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय की ह्या अल्बमची खरी आवृत्ती म्हणजे १९८५ ची साधी सीडी. एलपी नाही. रेकॉर्ड जमवणाऱ्या आपल्या लोकांना हे पटकन पटत नाही, कारण सध्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की जुना रॉक म्हटला की विनाईलच. लेड झेपलिन, डीप पर्पल, सुरुवातीचा पिंक फ्लॉइड ह्यांच्या बाबतीत मी स्वतः विनाईलच्याच बाजूने आहे, जिथे मूळ टेप अॅनालॉग होती तिथे चांगल्या प्रेसिंगची मजा खरीच वेगळी. पण हा अल्बम त्या जातीचा नाहीच मुळी.

हा अल्बम रेकॉर्ड झाला १९८४ च्या शेवटी नि ८५ च्या सुरुवातीला, कॅरिबियनमधल्या मॉन्टसेरात बेटावर, बीटल्सचे प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओत (१९८९ च्या ह्यूगो वादळाने तो स्टुडिओ संपवला, फार हळहळ वाटते). बँडचा गायक-गिटारिस्ट मार्क नॉफ्लर आणि नील डॉर्फ्समन प्रोड्यूसर. आणि टेप मशीन होतं सोनीचं २४ ट्रॅकचं डिजिटल. म्हणजे नॉफ्लरच्या बोटांतून निघालेला आवाज मायक्रोफोन आणि कन्सोलमधून थेट आकड्यांत गेलाय. मग "ओरिजिनल एलपीवर अॅनालॉग वॉर्म्थ आहे" असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, ती वॉर्म्थ आली कुठून? कटिंगमधून (तबकडीच्या खाचा कोरण्यातून) आली असेल, तुमच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला भाग) आली असेल, अँपमधून आली असेल, ती तुम्हाला आवडत असेल तर आनंदाने ऐका, पण टेपवर ती नव्हती. सीडीच्या कव्हरवर मागे डीडीडी असं छापलेलं असायचं, म्हणजे रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग तिन्ही डिजिटल, आणि त्या काळात हे मिरवायची गोष्ट होती. सीडीवर दहा लाखांचा खप गाठणारा हा पहिला अल्बम. लोक नवीन सीडी प्लेअर घेतला की दाखवायला हाच लावायचे.

पण आवाजाचा वाद मी बाजूला ठेवतो, त्याच्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे आणि ती घड्याळात दिसते. १९८५ ची एलपी अपुरी आहे. खरंच अपुरी, गाणी कापलीयेत.

सीडीवर अल्बम साधारण ५५ मिनिटांचा आहे, एलपीवर ४७ च्या आसपास. कात्री लागलीये ती पहिल्या बाजूला. सो फार अवे सीडीवर ५:१२, एलपीवर चार मिनिटांच्या जरा आत. मनी फॉर नथिंग ८:२६ चं ७:०४. युअर लेटेस्ट ट्रिक साडेसहा मिनिटांचं पावणेपाच. आणि व्हाय वरी, ज्याच्यासाठी मला मनापासून वाईट वाटतं, साडेआठ मिनिटांवरून थेट ५:२२. आता का कापलं ते बघा. सीडीवरची पहिली पाच गाणी बेरीज करा, जवळजवळ ३३ मिनिटं होतात. ३३ आरपीएमच्या एका बाजूला २२-२३ मिनिटं नीट बसतात, त्यापुढे गेलं की खाचा एकमेकींच्या जवळ आणाव्या लागतात, मग आवाजाची पातळी कमी करा, बेस आवळा, आणि पातळी कमी केली की खरखर वर येते. ३३ मिनिटं कोंबली असती तर ऐकवलं नसतं. त्यामुळे गाणी छाटून बाजू पंचविसाच्या आसपास आणली. डबल एलपी काढता आली असती, पण ती महाग पडली असती हे उघड आहे.

व्हाय वरीबद्दल जरा थांबून बोलतो. गाणं संपल्यावर शेवटी जे नुसतं वाजत राहतं, गिटार आणि कीबोर्ड, कुणालाच घाई नाही, काही सिद्ध करायचं नाही, एकच साधी धून थोडी थोडी बदलत फिरत राहते, तो भाग म्हणजेच गाण्याचं खरं उत्तर आहे. शब्दांत तो माणूस सांगतो की काळजी करू नकोस, आणि मग पुढची तीन मिनिटं वाद्यं ते करून दाखवतात. जुन्या एलपीवर हे सुरू होता होता फेड होतं. पहिल्यांदा एलपी लावून हे ऐकलं तेव्हा मला वाटलं सुई उडाली की काय. ज्यांनी फक्त एलपीच ऐकलीये त्यांनी हे गाणं अर्धंच ऐकलंय असं मी अगदी जबाबदारीने म्हणतो.

दुसऱ्या बाजूला काटछाट नाही, साधारण २२ मिनिटं आहेत, नीट बसतात. पण तिथे वेगळा त्रास. ब्रदर्स इन आर्म्स हे शेवटचं गाणं, सात मिनिटांचं, म्हणजे लेबलच्या अगदी जवळच्या खाचांत. तबकडी फिरते एकाच गतीने पण आतल्या बाजूला घेर लहान, त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खाच सरकते तर आत येईपर्यंत ते वीस-एकवीसवर येतं. तेवढ्याच संगीताला निम्म्याहून कमी जागा. आणि ह्या गाण्याची सुरुवात म्हणजे लांबचा गडगडाट, त्याखाली हलके कीबोर्ड, मग ती गिटार जी जवळजवळ कुजबुजते. अल्बममधली सगळ्यात नाजूक जागा तबकडीवरच्या सगळ्यात अवघड जागी आलीये. आपल्याकडच्या धुळीत नि दमट हवेत राहिलेल्या सेकंडहँड कॉपीवर तिथे टिकटिक ऐकू येणारच. सीडीवर तो गडगडाट शांततेतून वर येतो, आणि अंगावर काटा येतो, अजूनही येतो.

मग एलपी घ्यायचीच नाही का? घ्या ना. कव्हरसाठी तरी घ्या. निळ्या आभाळात तरंगणारी ती १९३७ ची नॅशनल रेझोनेटर गिटार बारा इंची कव्हरवरच बघावी, सीडीच्या पुस्तिकेत ती मजा नाही. पण ऐकायला एलपीच हवी असेल तर नंतरची डबल एलपी घ्या, माझ्याकडे आहे तो ॲबी रोडच्या माइल्स शोवेल यांनी हाफ स्पीडने कट केलेला ४५ आरपीएमचा सेट. ह्यात पूर्ण लांबीची गाणी आहेत, चार बाजूंवर पसरलीयेत, म्हणजे सुईला आत लेबलपर्यंत जावं लागत नाही. हाफ स्पीड म्हणजे कटिंगच्या वेळी मशीन आणि मास्टर (अंतिम रेकॉर्डिंग) दोन्ही निम्म्या गतीने चालवतात, त्यामुळे वरच्या पट्टीतले बारीक आवाज कोरायला कटरला दुप्पट वेळ मिळतो. झांजा स्वच्छ आहेत, ड्रमर ओमर हकीमचा स्नेअर ड्रम फटकन लागतो, राइड अक्रॉस द रिव्हरमधल्या रातकिड्यांसारख्या बारीक आवाजांना जागा मिळालीये. माझी कॉपी सपाट आणि शांत निघाली. तक्रार म्हणाल तर दर दोन-तीन गाण्यांनी उठून बाजू बदलायची, आणि हा अल्बम सलग ऐकायचा आहे. दिवे कमी करून बसलात नि मधेच उठावं लागलं की लय तुटते, मला तरी तुटते.

मोबाइल फिडेलिटी ह्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीनेही ४५ आरपीएमचा सेट काढलाय, आता किंमत डोक्यावरून जाते. २०२२ मध्ये त्या कंपनीच्या अॅनालॉग म्हणून घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच रेकॉर्डमध्ये डिजिटल टप्पा असतो हे बाहेर आलं, मोठा गदारोळ झाला, कोर्टकचेरी झाली. लोकांचा राग मला समजतो. पण ह्या एका अल्बमला त्याने काही फरक पडत नाही, इथे मूळच डिजिटल आहे. त्या किमतीला मी घेणार नाही.

१९९६ चा रीमास्टर (जुन्याच मिक्सचा आवाज पुन्हा बेतलेली सीडी) बॉब लुडविगचा, ठीक आहे, आवाज थोडा चढवलाय, स्वस्तात मिळाला तर घ्या. २००५ ची विसाव्या वर्षाची एसएसीडी मात्र वेगळं प्रकरण. चक एनली यांनी ५.१ मिक्स (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे सराउंड) केलंय, त्याला सराउंडचं ग्रॅमी पण मिळालं. माझ्याकडे पाच स्पीकर नाहीत, डोंबिवलीच्या एका मित्राकडे ऐकलं, आणि व्हाय वरीचा तो शेवट चारी बाजूंनी येताना ऐकून आम्ही दोघं बराच वेळ काही बोललोच नाही. तुमच्याकडे सराउंड सेटअप असेल तर हीच शोधा. फक्त स्टिरिओ ऐकायचं असेल तर तिचा स्टिरिओ भाग मला जरा ठासून भरल्यासारखा वाटतो, जुन्या सीडीत मोठ्या आणि हळू आवाजात जे अंतर आहे ते इथे कमी झालंय. मनी फॉर नथिंगमध्ये स्टिंगच्या आवाजानंतर ड्रम चढत चढत जातात आणि मग ती गिटार फाडकन येते, तो झटका जुन्या सीडीवरच बसतो. व्हॉल्यूम थोडा वाढवा आणि बघा.

आता घ्यायची कशी. मुंबईत चोर बाजार, पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, किंवा कुणी घर बदलताना काढलेला जुना साठा, अशा ठिकाणी एलपीला हल्ली वाट्टेल तो भाव सांगतात आणि सीडीच्या पेटीकडे कुणी बघत नाही. मुंबईचं संगीताचं दुकान ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हापासून नवीन सीडी हातात घेऊन बघायची सोयही राहिली नाही, म्हणून ह्या जुन्या पेट्या सोडू नका. तबकडीवर मेड इन वेस्ट जर्मनी लिहिलेलं दिसलं तर ती साधारण १९९० पर्यंतची, डोळे झाकून घ्या. कॅटलॉग नंबर ८२४ ४९९-२. मेड इन यूके बाय पीडीओ (सीडी बनवणारी कंपनी) लिहिलं असेल तर कडा नीट बघा, तिथल्या काही वर्षांच्या सीडी तांबूस पडत जातात नि मग वाजत नाहीत. ओरखडे उजेडात धरून बघा, बारीक असतील तर चालतं. कव्हरला बुरशी असेल तर पुस्तिका बदलता येते, केस तर दहा-वीस रुपयांची गोष्ट. एलपीच्या कव्हरला पावसाळ्यात लागलेली बुरशी मात्र घरात आणू नका, शेजारच्या रेकॉर्डलाही लागते.

२०२५ मध्ये चाळीस वर्षांचा सेट आलाय, ५ एलपी किंवा ३ सीडी, सोबत १६ ऑगस्ट १९८५ चा सॅन अँटोनिओचा अख्खा लाइव्ह कार्यक्रम. मी ३ सीडीवाला घेतला. सुल्तान्स ऑफ स्विंग आणि टनल ऑफ लव्ह त्या टूरवर बँड इतकं ताणून, इतकं मोकळं वाजवायचा की बाजू बदलायला उठायचं मनातसुद्धा येऊ नये. एलपीवाला सेट दिसायला सुंदर आहे, पण त्या पैशात ३ सीडी घेऊन वर एक चांगला सेकंडहँड सीडी प्लेअर शोधता येईल, आणि मी तरी तेच करायला सांगेन.