वाघासाठी घेतलेली लेन्स कढीपत्त्यावर रमली

गेल्या डिसेंबरात कॅननची ५५-२५० एसटीएम ही झूम लेन्स (आकडे मिलिमीटरमध्ये, जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) घेतली तेव्हा डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: ताडोबाचा मातीचा रस्ता, समोरून येणारा वाघ आणि जिप्सीत मी. आता ११ महिने झाले. हार्ड डिस्कवर वाघ एकही नाही, लिंबाळी फुलपाखराच्या अळीचे फोटो मात्र ४०० च्या वर आहेत.

कॅमेरा कॅननचाच, २००डी मार्क टू. लेन्स सेकंडहँड, ९,५०० रुपयांना. पुढे लावायची रेनॉक्स डीसीआर-२५० ही क्लोज-अप लेन्स नवी घेतली, ती ६,५०० ला पडली. १६ हजारांत पक्षीही आणि किडेही, असा हिशोब होता. अर्धा जमला.

आधी पक्षी. पुण्याजवळ नदीकाठच्या कवडी पाटला हिवाळ्यात पाच-सहा वेळा गेलो. नदीवर फेस, काठावर प्लास्टिक, आणि त्या सगळ्यात चक्रवाकांची जोडी ऐटीत बसलेली. अंतर ६० मीटर तरी असेल. २५० ला एवढ्या लांबचा चक्रवाक चौकटीच्या रुंदीत आठवा हिस्सासुद्धा धड भरत नाही. क्रॉप करून करून शेवटी पिसांच्या जागी रंगीत रवा दिसायला लागतो. "क्रॉप सेन्सरवर (म्हणजे माझ्या कॅमेऱ्यासारख्या लहान सेन्सरवर) २५० म्हणजे ४०० झाली" असं दुकानात ऐकलं होतं. खरंय, पण पक्षी त्याने जवळ येत नाही, चौकट तेवढी लहान होते.

खंड्या मात्र मिळाला. एका ठरावीक काटकीवर तो पुन्हा पुन्हा येत होता, म्हणून सहा मीटरवर गवतात पाऊण तास बसलो. तेवढ्या अंतरावरून छोटा खंड्या चौकटीची जवळपास निम्मी उंची व्यापतो, आणि एफ ७.१ ला (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं ते, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ही लेन्स चोचीवरचा पाण्याचा थेंबही नीट दाखवते. भिगवणच्या पाणथळीतही असंच झालं. नावाडी काका म्हणाले, "साहेब, उभं नका राहू, बसूनच घ्या." बांबूने रेटत नाव इतक्या हळू नेली की रोहित पक्ष्यांनी मानसुद्धा वर केली नाही. उडत्या पक्ष्यांचं मात्र विचारू नका. कॅमेऱ्याचे नऊ फोकस पॉइंट आणि लेन्समधली फोकसची एसटीएम मोटर मिळून कुरव पक्षी पकडेपर्यंत तो चौकटीबाहेर गेलेला असतो. लेन्समधला स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, पंख थांबवत नाही. त्यासाठी १/२००० सेकंदाचा शटर लागतो, आणि हिवाळ्यातल्या सकाळी एफ ५.६ ला तेवढा वेग म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० आलाच, म्हणजे फोटोत दाणे.

जानेवारीअखेर लेन्स विकायचा विचार होता. मग रेनॉक्स आली.

ही एक्स्टेन्शन ट्यूबसारखी (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायची पोकळ) नळी नव्हे, भिंगच आहे, +८ डायॉप्टरचं. लेन्स-कॅपसारख्या दोन चिमट्यांवर बसतं, लेन्सच्या तोंडाशी असलेल्या ५२ ते ६७ मिमीच्या कुठल्याही थ्रेडवर (आट्यांवर). आपली ५८ ची आहे, त्यामुळे खट्‌कन लागतं आणि खट्‌कन निघतं. फोकस अनंतावर ठेवून २५० ला झूम केलं की सेन्सरवर किड्याच्या खऱ्या आकाराच्या जवळजवळ दुप्पट मोठं चित्र मिळतं, म्हणजे अख्ख्या चौकटीत जेमतेम ११ मिमी रुंदी मावते. झूम कमी केला की मोठेपणाही कमी होतो, पण फार खाली गेलात तर कोपरे काळवंडतात. आणि एक्स्टेन्शन ट्यूबसारखा उजेड खात नाही.

याआधी मी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स) उलटी लावून बघितली होती, अडीचशे रुपयांच्या रिव्हर्स रिंगवर. त्यात किड्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर यावं लागतं. उड्या मारणारा कोळी एकदा सरळ लेन्सवरच आला. रेनॉक्सला साधारण १२ सेंटिमीटर अंतर मिळतं. कोळी तेवढं सहन करतो.

बाल्कनीतल्या कुंडीत कढीपत्ता आहे. मार्चमध्ये पानामागे मिलीमीटरभराचं पिवळसर अंडं दिसलं. चार दिवसांनी त्यातून निघालेली अळी हुबेहूब पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी, काळपट-पांढरी. पुढे कात टाकत टाकत हिरवी झाली. तेव्हा मी तिच्या "डोळ्यांवर" फोकस करून खूश व्हायचो. दोन दिवसांनी १०० टक्के झूम करून बघितलं तर ते डोळे नव्हतेच, अंगावरची नक्षी होती. खरं डोकं खाली, पानाच्या कडेला, एकसारखं चरत होतं. डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) चुकून लागला तर अळीने डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सोडला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, फोडणीला दोन पानं तरी ठेव म्हणावं त्यांना."

शिकायला वेळ लागला. एफ ११ लाही फोकसमध्ये अर्धा मिलीमीटरही येत नाही. ऑटोफोकस बंद करायचा, रिंगला हात लावायचा नाही, श्वास रोखून आपणच केसभर पुढे-मागे झुलायचं आणि क्लिक करत राहायचं. साठातले चार फोटो कामाचे निघतात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये लेन्सचीच सावली किड्यावर पडते. त्यावर इलाज म्हणून घरचाच डिफ्यूझर केला: कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याला आतून फॉइल लावलं, तोंडाशी टीव्हीच्या पॅकिंगमधला पांढरा फोम ताणला. खर्च शून्य. कोळ्याच्या पुढच्या चारही डोळ्यांत त्या खोक्याचा चौकोन चमकतो, तेवढं चालवून घेतो.

रेनॉक्सशिवायही ही लेन्स ८५ सेंटिमीटरवरून सुमारे आठ सेंटिमीटर रुंदीची चौकट भरते. चतुर, टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद), बहुतेक फुलपाखरं यांना तेवढं पुरतं आणि ती घाबरतही नाहीत. आंबोलीत जुलैच्या रात्री मलबारचा उडता बेडूक असाच टिपला, टॉर्चच्या उजेडात. त्याच सहलीत गाडीच्या एसीतून थेट धुक्यात कॅमेरा काढला आणि लेन्सवर बाष्प धरलं. अर्धा तास नुसता पुसत बसलो. आता बॅगेतच ठेवून आधी बाहेरच्या हवेला सरावू देतो.

पावसाळ्याचं आणखी एक. जुनी किट लेन्स मी माळ्यावर बॅगेत विसरलो होतो, तिला बुरशी लागली. हलगर्जीपणा माझाच. आता दोन्ही भिंगं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत असतात. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या कढईत तापवायचे, पुन्हा निळे होतात. ती कढई स्वयंपाकात परत आणायची नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लेन्समध्ये मारून बघा, बुरशीचे धागे लगेच दिसतात. आणि एसटीएमच घ्या. आधीच्या आवृत्त्यांत फोकस करताना पुढचं भिंग फिरतं, रेनॉक्स लावल्यावर ते त्रासाचं होतं.

मित्राकडे टॅमरॉनची जुनी ७०-३०० मॅक्रो आहे. तिच्यावर काहीही न जोडता १८० ते ३०० मध्ये सेन्सरवर खऱ्या आकाराच्या निम्मं चित्र मिळतं, पण स्टॅबिलायझर नाही. ट्रायपॉड उचलायची तयारी असेल तर वाईट नाही. फक्त पक्षीच हवे असतील तर माझी लेन्स घेऊ नका, पैसे साठवा. सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० हातात घेऊन बघा मात्र. दोन किलोच्या आसपास वजन आहे, माझी ३७५ ग्रॅम.

मे महिन्यात ताडोबाला जायचं ठरलंय. १५०-६०० तीन दिवस भाड्याने घेणार आहे. जिप्सीच्या कडेवर टेकवायला बीनबॅग शिवून ठेवलीय, भरायला आईकडे तांदूळ मागितले. "किडे लागलेले आहेत, तेच ने," म्हणाली. त्यातला एक सोंडकिडा आत्ता रेनॉक्सखाली आहे.