उसाच्या काळ्या रानात एकफाळी सबसॉयलर : आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

सबसॉयलर म्हणजे माती न पालटता खालचा घट्ट थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार. त्याची चौकशी करण्याआधी दहा मिलिमीटरची एक सळई घ्या आणि वाफसा (चिखलही नाही आणि पूर्ण कोरडंही नाही, अशी ओल) असताना रानात चार-सहा ठिकाणी हाताने दाबून बघा. वाळवा तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात ती वीतभर सहज जायची आणि मग ठक्कन थांबायची. अंगाचा भार टाकला की थोडी थोडी उतरायची आणि तो टणक पट्टा ओलांडला की पुन्हा मऊ. म्हणजे खाली खडक नव्हता, मुरूमही नव्हता, आपणच दाबून केलेला थर होता. तुमच्या रानात सळई दीड फूट सरळ जात असेल तर या अवजारावर पैसे घालू नका.

हा थर येतो कुठून, ते आमच्या भागातल्या कुणालाही रान बघून सांगता येईल. पलटी नांगर दर वेळी त्याच खोलीला लावलेला आणि नांगरताना ट्रॅक्टरचं एका बाजूचं चाक नांगराने काढलेल्या तासाच्या तळावरून चालतं. वर फिरत्या पात्यांचा रोटाव्हेटर. वरची माती रव्यासारखी दिसते म्हणून लोक खूश असतात, पण पाती जिथवर पोचतात तिथला तळ ती दर वर्षी घोटत जातात. शेवटी तोडणी. कारखान्याची पाळी आली की रान ओलं आहे का कोरडं, कुणी विचारत नाही. भरलेली डबल ट्रॉली सरींतून बाहेर निघते. रुंद टायर किंवा कमी हवा यांनी वरच्या सहा इंचांचा बचाव होतो, पण खोलवरचा दाब एक्सलवर एकूण भार किती यावर ठरतो. तिथे टायरचा फारसा उपयोग नाही.

खरं तर काळ्या जमिनीला हा आजार होऊ नये. कोरडवाहू काळं रान उन्हाळ्यात हात जाईल एवढं भेगाळतं, वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसात जमीन फुगते आणि दर वर्षी आपोआप उलथापालथ होते. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते म्हणतात ते यामुळे. पण आडसाली (जुलै-ऑगस्टमधली, दीड वर्षाची) लागण, मग खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेलं पीक), कुणाकुणाचा निडवा (खोडव्यानंतर पुन्हा तसंच घेतलेलं पीक), पुन्हा लागण, असं चक्र असलं की जमिनीला वाळायला सवडच मिळत नाही. म्हणून खोडवा गेल्यावर मार्चपासून पाणी तोडलं आणि रान मेपर्यंत तापू दिलं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं निम्मं काम त्या तापण्याने केलं, सबसॉयलरने नाही.

आता अवजाराबद्दल. आमचं एकफाळी आहे, जवळच्या वर्कशॉपमध्ये बनलेलं. जाड वक्र दांडा, खाली उलटवून लावता येणारी टोकाची पट्टी, वर ट्रॅक्टरला जोडायची थ्री पॉइंटची चौकट, एवढाच कारभार. पन्नास एचपीच्या टू-व्हील ड्राइव्हला दीड फूट खोली झेपते, पण पुढे वजनं लावावी लागतात, नाहीतर तोंड उचलतं आणि मागची चाकं जागेवर फिरतात. लो गिअरमध्येच काम. तासाला डिझेल रोटाव्हेटरपेक्षा जास्त लागतं. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर चालवणाऱ्याचा जीव निम्मा वाचतो. पंचेचाळीसच्या खालच्या ट्रॅक्टरला हे जोडून चाकं फिरवत बसण्यात अर्थ नाही.

टॉप लिंक (अवजार ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा) थोडी आखूड केली की टोक लवकर घुसतं. खोली गाठल्यावर चौकट समपातळीला आणायची, नाहीतर फाळ नाकावर चालतो आणि ओढ विनाकारण वाढते. टोकाची पट्टी आमच्या चुनखडीच्या खड्यांवर घासून पहिल्याच मोसमात उलटवावी लागली. झीज होणारच, ते गृहीत धरा. शिअर बोल्टबद्दल मात्र कडक राहा. हा बोल्ट तुटण्यासाठीच असतो. दोनदा तुटला की कंटाळून लोक हायटेन्साइल (जास्त मजबूत) बोल्ट टाकतात, मग पुढचा दगड दांडा वाकवतो. साध्या बोल्टांची पिशवी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा.

आबांचा सुरुवातीला ठाम विरोध होता. "खालची चुनखडी वर काढून ठेवशील आणि मग दहा वर्षं शेणखत घालत बसशील." खोल पलटी मारणाऱ्यांचं तसं झालेलं त्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे भीती वावगी नव्हती. पण सबसॉयलर माती पालटत नाही. दांडा गेला तिथे वर फक्त चीर दिसते, दोन्ही बाजूंची माती किंचित उचलली जाते, खालची खालीच राहते. पहिल्या दोन तासांनंतर आबा बांधावर बसले ते उठले नाहीत. हो म्हणाले नाहीत, पण गडी मात्र स्वतः बोलावून आणला.

खरा प्रश्न ओलीचा आहे. दीड फुटावरची माती काढून तळहातावर दोरीसारखी वळी करून बघा. वळी झाली तर अवजार शेडमध्ये परत न्या. ओल्या चिकणमातीत फाळ माती फोडत नाही, नुसती भुयारासारखी चीर पाडतो आणि चिरेच्या भिंती लिंपून टाकतो. त्या भिंतीतून पाणीही जात नाही आणि मूळही नाही. वळी न होता माती तुटत असेल तर फाळाच्या दोन्ही बाजूंना तिरप्या भेगा वरपर्यंत येतात; ट्रॅक्टरच्या मागे चालताना पायाखाली जमीन हललेली कळते. एप्रिल-मे सोडून बागायतीत असा वाफसा मिळणं अवघडच.

अंतराबाबत पुस्तकी हिशेब असा की पूर्ण रान मोकळं करायचं तर दोन ओळींतलं अंतर खोलीच्या साधारण दीडपट, म्हणजे दीड फुटाला सव्वादोन फूट. मी तसं केलं नाही. साडेचार फुटी सरी ठरलेली होती, त्यामुळे जिथे बेणं पडणार तेवढ्याच रेषेवर फाळ चालवला आणि मधला पट्टा चाकांसाठी घट्ट सोडला. ट्रॅक्टर पुढे कुठेतरी चालणारच आहे, तर त्याला त्याची वाट दिलेली बरी. अख्खं रान फोडून त्यावर पुन्हा ट्रॉली घालणं म्हणजे मऊ झालेली माती पहिल्यापेक्षा खोल दाबणं. यासाठी सरीची खूण बांधावर पक्की ठेवावी लागते. आम्ही दोन्ही टोकांना दगड रोवले आहेत.

फोडल्यावर रोटाव्हेटर घातला नाही. जूनच्या पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग फेकला, फुलावर येताना गाडला आणि ऑगस्टमध्ये को ८६०३२ या उसाच्या जातीची लागण केली. तागाशिवाय हे काम अर्धवट आहे असं माझं मत आहे. फाळाने पाडलेली भेग पावसात माती फुगली की मिटायला लागते. तिच्यात मूळ उतरलं, कुजलं आणि त्याची नळी शिल्लक राहिली तर ती टिकते. शेणखत मिळेल तेवढं सरीतच टाकलं.

तुलनेसाठी मधल्या चार सऱ्या मुद्दाम न फोडता ठेवल्या होत्या. दिवाळीनंतर दोन्हीकडे खड्डे घेतले. न फोडलेल्या सरीत मुळं वीत-दीड वीत खाली जाऊन आडवी पसरलेली, थरावर चटई अंथरावी तशी. फोडलेल्या सरीत पांढरी मुळं चिरेच्या रेषेने दीड फुटाच्या खाली गेलेली दिसली. बाजूला मात्र फार नाही, हेही सांगतो. मोठ्या पावसात न फोडलेल्या सऱ्यांत पाणी दुसऱ्या दिवशीही उभं होतं, बाकीच्या निचरल्या होत्या. आता थंडीत त्या चार सऱ्यांची पानं दुपारी आधी मिटतात. उसाच्या उंचीतला फरक लांबून दिसत नाही, कांड्या मोजल्या तर कळतो. वजन काट्यावर जाईल तेव्हा खरं काय ते ठरेल. आडसालीला अजून बराच वेळ आहे.

तोटे पण ऐका. लागणीनंतरचं पहिलं पाणी सरीच्या टोकाला पोचता पोचत नाही, चिरेतच गडप होतं. आठ तासांच्या विजेत निम्मंच रान भिजायचं. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीपासून बसतं, आणि ठिबक असेल तर ही अडचण येत नाही. ढेकळं मोठी निघतात, ती फोडायला फणपाळी आणि पाटा यांचा एक फेर वाढतो.

ओढ्याकडच्या खालच्या तुकड्यात मी हे घातलंच नाही. तो चोपण (सोडियम जास्त झालेली जमीन) आहे, सामू (पीएच) साडेआठच्या वर. तिथे सोडियममुळे मातीचे कण पाण्यात सुटे होतात आणि कितीही फोडा, पहिल्या पाण्याला सगळं पुन्हा लिंपलं जातं. वाळवा, मिरज, शिरोळ या पट्ट्यात अशी रानं काही थोडीथोडकी नाहीत. तिथे आधी निचरा, मग माती तपासून जिप्सम, आणि त्यानंतर वाटलं तर सबसॉयलर. उलट क्रमाने गेलेल्यांनी डिझेल जाळलं, एवढंच.

खोडव्यात बगला (सरीच्या बाजू) फोडताना कमी खोलीवर चालवून पाहिला. पाचट ठेवलेलं असलं की ते दांड्याला गुंडाळतं आणि दर थोड्या वेळाने उतरून काढावं लागतं. पुढे गोल कोल्टर (पाचट कापणारी चकती) लावला तर जमेल असं वर्कशॉपवाला म्हणतो. तूर्त खोडव्यासाठी मी याची शिफारस करणार नाही.

विकत घ्यायचं का? एका रानाला हे तीन-चार वर्षांतून एकदा लागतं, त्यामुळे एकट्याने घेणं परवडत नाही. आम्ही भावकीत तिघांनी मिळून घेतलं. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेत सबसॉयलर आहे, पण अनुदान हवं असेल तर पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय खरेदीची पावती करू नका. भाड्याने मिळत असेल तर तेच बरं, फक्त तारीख मालकाच्या सोयीने नको, मातीच्या सोयीने घ्या. डिसेंबरात दोघे आमचं मागायला आले होते. दोघांच्याही रानात वळी होत होती, म्हणून एप्रिलमध्ये या म्हटलं. एकाने मान्य केलं. दुसरा रागावून गेला, आणि त्याने दुसरीकडून आणून त्याच आठवड्यात रान फोडलं.