वुंडरलिशचा आवाज सोन्याचा, पण पियानोचं काय?

जर्मन गायक फ्रिट्झ वुंडरलिशचा आवाज ऐकून ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्याशी मी गाण्याबद्दल बोलायला जात नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे बरीच कुरकुर आहे.

परीक्षण डॉइचे ग्रामोफोन या जर्मन ध्वनिमुद्रण कंपनीच्या जुन्या, पिवळ्या पट्टीच्या सीडीचं. एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान याची ‘डिश्टरलीबे’ (‘कवीचं प्रेम’) ही सोळा गाण्यांची मालिका आणि जोडीला बीथोवन-शूबर्टची सुटी गाणी. पियानोवर हुबर्ट गीझन. ध्वनिमुद्रण १९६५चं, वुंडरलिश तेव्हा पस्तिशीचा. पुढच्या सप्टेंबरात एका मित्राच्या शिकारघरात जिन्यावरून पडून तो गेला. छत्तिसावा वाढदिवस काही दिवसांवर होता आणि ऑक्टोबरात न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा उभं राहायचं ठरलेलं होतं. त्यामुळे या सीडीबद्दल लिहिणारे बहुतेक जण गहिवरतात आणि पियानोबद्दल बोलायचं राहून जातं. मी पुण्यात जर्मन शिकवते, जमेल तसा पियानोही वाजवते, म्हणून मला त्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझी प्रत मुंबईत काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधली. ते दुकान २०१६ साली बंद झालं. आता हे मुद्रण स्ट्रीमिंगवर सहज मिळतं, पण ही गाणी ज्यांवर बांधली आहेत त्या जर्मन कवी हाइनेच्या कविता तिथे समोर नसतात. त्या शोधून, छापून हातात धरा. जर्मन येत नसेल तर अर्थ तरी वाचून घ्या, नाहीतर अर्धा तास नुसता गोड आवाज ऐकून उठाल.

आता थोडं मागचं. १८३९पर्यंत शूमान जवळजवळ फक्त पियानोसाठी लिहीत होता. ‘किंडरत्सेनन’, ‘क्राइस्लेरियाना’ हे सगळं त्या काळातलं. हात दुखावल्यामुळे स्वतः वादक होण्याचं स्वप्न संपलं होतं, आणि ज्या क्लारा वीकवर प्रेम होतं ती युरोपभर नावाजलेली पियानोवादक. तिच्या वडिलांचा लग्नाला कडवा विरोध, प्रकरण कोर्टात. अशा १८४० साली माणूस अचानक गाण्यांकडे वळला आणि वर्षभरात शंभराहून जास्त गाणी लिहून मोकळा झाला. ‘डिश्टरलीबे’ मे महिन्याच्या शेवटी आठवडाभरात झाली, लग्न सप्टेंबरात. मुळात वीस गाणी होती. १८४४मध्ये छापताना चार गळली. सांगायचा मुद्दा हा की, ही गाणी लिहिणारा हाडाचा पियानोवाला आहे. गायक जे बोलतो त्यावर पियानो शंका घेतो, कधी त्याला खोटं पाडतो. ‘साथ’ म्हणून तो भाग वाजवला की निम्मं काम बुडालं.

पहिलंच गाणं घ्या, मे महिन्यातल्या उमलत्या कळ्यांचं. सुरुवात पियानोची, आणि शेवटही त्याचाच, अशा स्वरसंगतीवर की कान पुढच्या सुराची वाट बघत राहतो. तो सूर येतच नाही. प्रेम सांगून टाकलं, उत्तर मिळालेलं नाही, हे गायकाच्या शब्दांपेक्षा त्या लटकत्या शेवटातून कळतं. वुंडरलिश इथे जे गातो त्यावर बोट ठेवायला जागा नाही. वर चढणारी ओळ तो असा सोडतो की आवाजाला वजनच नसावं. गीझन मात्र नीट, स्वच्छ वाजवतो आणि थांबतो. तो शेवट टोचायला हवा, टोचत नाही. (ॲपवर ऐकत असाल तर दोन गाण्यांच्या मधला थांबा बंद करा आणि शफल तर कृपा करून नकोच, पहिल्यातून दुसऱ्यात जाणं हा रचनेचाच भाग आहे.)

नवव्या गाण्यात फरक जास्त जाणवतो. प्रेयसीचं लग्न दुसऱ्याशी लागतंय, बासऱ्या, व्हायोलिनं, तुताऱ्या वाजताहेत. ते सगळं वऱ्हाड पियानोत आहे. उजवा हात अखंड गरगरत राहतो आणि गायक बाजूला उभा राहून बघतो. हे भोवंडून टाकणारं हवं. गीझनच्या हातून वऱ्हाड शिस्तीत नाचून घरी जातं.

याउलट जिथे पियानो मुळातच कमी आहे तिथे ही सीडी अजोड आहे. तेरावं गाणं, ‘स्वप्नात मी रडलो’. आवाज एकटा, मग पियानोचे तुटक, दबके ठोके, पुन्हा एकटा आवाज. असं उघडं गाताना भलेभले गायक रडवेला अभिनय करतात. वुंडरलिश साधं सांगतो, म्हणून ते सहन होत नाही. सातव्या ‘इश ग्रोले निश्ट’मध्ये, ‘मी राग धरत नाही’ म्हणत राग ओतणाऱ्या त्या गाण्यात, वरचा सूर शूमानने ऐच्छिक ठेवला आहे. वुंडरलिश तो घेतो, आणि कष्ट दिसत नाहीत. खरं सांगायचं तर तिथे थोडे कष्ट दिसले असते तर मला जास्त पटलं असतं. हाइने विखारी कवी आहे. वुंडरलिशच्या गळ्यात विखारच नाही, त्याला कोण काय करणार?

शेवटचं गाणं सगळ्यात महत्त्वाचं. जुनी गाणी आणि वाईट स्वप्नं पुरायला मोठी शवपेटी आणा, हायडलबर्गच्या त्या अजस्र दारूच्या पिंपापेक्षा मोठी, उचलायला बारा राक्षस हवेत, असा तमाशा मांडून कवी प्रेम आणि दुःख त्यात टाकल्याचं सांगतो आणि गप्प होतो. पुढचं सगळं पियानोकडे. बाराव्या गाण्याच्या शेवटी, फुलं कुजबुजून गेल्यावर, जी धून आली होती ती परत येते. आपल्याकडे मैफलीचा शेवट पेटीवाल्यावर सोपवायची पद्धत नाही. शूमान बेधडक सोपवतो. गीझन इथे हळवा आहे, सूर गोल आहेत, चूक कुठेच नाही. पण गायक बाहेर गेला तरी गाणं चालू आहे, असं वाटत नाही.

ते ऐकायचं तर गायक शार्ल पांझेरा आणि पियानोवादक आल्फ्रेड कोर्तो यांचं याच मालिकेचं १९३५चं मुद्रण काढा. खरखर आहे, पांझेराचे जर्मन उच्चार फ्रेंच वळणाचे आहेत (माझ्या विद्यार्थ्यांना मी ते चालू देणार नाही), पण कोर्तो एकल वादनासारखा जीव लावून वाजवतो. ते शेवटचे काही क्षण ऐकल्यावर गीझनकडे परत यायला मला वेळ लागतो.

उरलेल्या गाण्यांत तक्रार नाही. शूबर्टच्या ‘आन डी म्युझिक’मध्ये पियानोचा डावा हात खालून गायकाशी बोलतो, ते गीझन फार प्रेमाने करतो. बीथोवनचं ‘आडेलाइडे’ तर या आवाजासाठीच लिहिलंय की काय असं वाटतं.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर हीच सीडी घ्या. शूबर्टपासून सुरू करा, मग तेरावं गाणं, मग सलग सोळा. वुंडरलिश आणि गीझन यांची ४ सप्टेंबर १९६६ची एडिनबरामधली मैफलही निघाली आहे, तिच्यातही हीच मालिका आहे. दोन्ही घेतलीत तर कोर्तोसाठी पैसे शिल्लक ठेवा.