झुकणारी तीनचाकी स्कूटर, कारच्या लायसन्सवर: काही महिने वापरल्यानंतर

पुढे दोन चाकं, मागे एक, आणि वळणावर दुचाकीसारखी झुकणारी ही स्कूटर मी एकाच कारणासाठी घेतली. मोटरसायकलचं लायसन्स नाही, कारचं आहे, आणि युरोपियन संघाच्या नियमांत ही गाडी मोटरसायकल धरतच नाहीत. कागदोपत्री ती ट्रायसिकल, वर्ग एल५ई. सवारी रिक्षा तिथे नोंदवायला नेली तर तीही याच वर्गात जाईल!

सगळा खेळ ४६० मिलिमीटरचा आहे. एकाच आसावरची दोन चाकं जिथे जमिनीला टेकतात, त्या जागांच्या मध्यांतलं अंतर याहून कमी असेल तर कायदा ती दोन चाकं एकच मोजतो. यामाहाच्या नायकेनला पुढे ढळढळीत दोन चाकं आहेत, पण अंतर ४१० मिमी, म्हणून ती दुचाकी आणि तिला मोटरसायकलचं लायसन्स हवंच. पियाजिओची एमपी३ ही अशीच झुकणारी स्कूटर २००६ साली आली तेव्हा तिचं अंतर ४२० होतं. पुढे एलटी आवृत्तीत ते ४६५ केलं. दोन-तीन बोटांच्या फरकानं गाडीचं गोत्र बदललं, चालवायची रीत मात्र तीच राहिली.

वर्ग बदलला की सामानही बदलतं. उजव्या पायाशी ब्रेकचं पेडल आहे, ते दाबलं की तिन्ही चाकांना ब्रेक लागतो. शिवाय पार्किंग ब्रेक. दोन्ही गोष्टी एल५ई असल्यामुळे आल्यात, आणि पेडल तर मला फार आवडलंय. ओल्या रस्त्यावर अचानक थांबावं लागलं तर पुढचं चाक सटकण्याची धास्ती बरीच कमी होते.

सिग्नलला बटण दाबलं की झुकणं लॉक होतं आणि पाय न टेकता उभं राहता येतं. पण ज्या कोनात थांबाल त्याच कोनात लॉक होतं. एक चाक फुटपाथच्या उतारावर असेल तर गाडी तशीच कलती उभी! लॉक नसेल तर उभ्या जागी ती कोणत्याही स्कूटरसारखीच कलंडते, आणि वजन अडीचशे किलोच्या आसपास असल्यामुळे सावरताना घाम फुटतो. खड्डा चुकवणं हा वेगळाच व्याप. दुचाकीची एक रेघ सांभाळायची असते, इथे तीन. पुढची चाकं खड्ड्याच्या दोन बाजूंनी काढली की मागचं बरोबर मधोमध आपटतं.

माझी खरी तक्रार लायसन्सबद्दल आहे. वेगात ही गाडी डावीकडे वळवायची तर हँडलचं डावं टोक पुढे ढकलावं लागतं, अगदी मोटरसायकलसारखं. कारच्या परीक्षेत हे कोणी शिकवत नाही. कायदा टायरमधलं अंतर मोजतो, गाडी वळते कशी हे बघत नाही. मी सरावाचे धडे स्वतःहून घेतले. सक्ती असती तरी हरकत नव्हती.

अमेरिकेत उलटी तऱ्हा. तिथे संघराज्याच्या व्याख्येनुसार तीन किंवा कमी चाकांची, सीटवर बसून चालवायची गाडी म्हणजे मोटरसायकल. त्यामुळे स्टिअरिंग व्हील आणि शेजारी-शेजारी सीट असलेली पोलारिस स्लिंगशॉटही मोटरसायकलच ठरते. मग बऱ्याच राज्यांनी 'ऑटोसायकल' नावाचा वेगळा वर्ग काढला.

विमा काढताना ऑनलाइन फॉर्मवर मोटरसायकल आणि कार एवढेच दोन पर्याय होते. फोनवरच्या बाईंनी "मोटरसायकल टाका, काय फरक पडतो?" असं सुचवलं. फरक पडतो, दाव्याच्या वेळी. लेखी उत्तर घेतल्यावरच पैसे भरले.

घेणार असाल तर विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. नोंदणी प्रमाणपत्रावर 'जे' या खुणेसमोर वर्ग लिहिलेला असतो. तिथे एल३ई, म्हणजे मोटरसायकल, असेल तर कारच्या लायसन्सवर भिस्त ठेवू नका. एल५ई असेल आणि ताकद १५ किलोवॅटच्या वर असेल, तर वय किमान २१ हवं. ही सवलतही ज्या त्या देशाच्या हद्दीपुरती असते, सीमेपलीकडच्या देशानं ती मानलीच पाहिजे असं नाही. सुट्टीत लांब जायचा बेत असेल तर आधी तिथला नियम बघा.