छतावर टेंट की गाडीतच गादी? कोकणात फिरणाऱ्या सात सीटरवाल्यांसाठी

गेल्या डिसेंबरात आम्ही आणि आमचे साडू, दोन गाड्या, चार मोठी माणसं आणि चार पोरं, केळशीपासून देवबागपर्यंत 7 रात्री फिरलो. साडूंच्या फॉर्च्युनरवर छतावरचा टेंट आणि माझ्या सफारीत मागच्या सिटा पाडून त्यावर प्लायची फळी नि गादी. एकच रस्ता, एकच हवा, त्यामुळे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बघायला मिळाले. मोठी गाडी घेतलीये आता कॅम्पिंगसाठी काय करून घेऊ असं अधूनमधून कोणीतरी विचारतंच, त्यांच्यासाठी हे.

माझं मत आधीच सांगतो, फक्त कोकणासाठी करणार असाल तर छतावर पैसे घालू नका. हिमाचलचं स्पिती, कच्छचं रण वगैरे पण दरवर्षी करणार असाल तर गोष्ट वेगळी.

पण झोपेच्या बाबतीत साडू जिंकले हे मान्य करतो. गाडीच्या आत दमट हवा अशी कोंडते की डिसेंबरातसुद्धा पहाटे काचांवरून आतून पाणी ओघळतं. चारही खिडक्यांना मोज्यासारखी जाळी चढवली, 12 व्होल्टचा छोटा पंखा लावला तेव्हा कुठे बरं वाटलं. मार्चनंतर मी आत झोपणार नाही, सरळ होमस्टे घेईन. आणि रात्रभर इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचा विचार चुकूनही करू नका, धूर आत आला तर कळायच्या आत माणूस जातो.

वरच्या टेंटला चारी बाजूंनी खिडक्या, वारा आरपार. फक्त एक गोष्ट, कोकणात रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, मतलई वारा, त्यामुळे टेंटचं तोंड हौसेने समुद्राकडे केलं तरी पूर्वेची खिडकी बंद असेल तर काही उपयोग नाही. केळशीला आत्याच्या खळ्यात गाड्या लावल्या होत्या तेव्हा ती हे म्हणालीही होती, साडूंना पटलं तिसऱ्या रात्री.

आता उंची. फॉर्च्युनर मुळात 1835 मिमी, त्यावर कॅरिअर, त्यावर मिटलेला टेंट, म्हणजे जवळजवळ सव्वादोन मीटर झाले. हायवेला काही वाटत नाही. पण आपण जातो कुठे, तर वाडीत, जिथे दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे आणि वर फणसाच्या, आंब्याच्या फांद्या आणि खाली लोंबणाऱ्या वायरी. हेदवीच्या अलीकडे एका गल्लीत फणसाच्या फांदीने टेंटचं कव्हर हातभर फाडलं, मग पुढे एक माणूस चालतोय आणि काठीने वायरी उचलतोय अशी वरात निघाली. फेरीबोटीत मात्र काही त्रास नाही, डेक उघडा असतो, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ दोन्हीकडे आरामात चढलो. पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत बेसमेंट पार्किंग असेल तर टेप घेऊन आधी कमानीची उंची मोजा, बुकिंग नंतर.

वजनाचं लोक सगळ्यात कमी बघतात. टेंट 60-70 किलो, कॅरिअर अजून 25 एक किलो. चालत्या गाडीच्या छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांना ते 100 किलोच्या आतच असतं आणि त्यात कॅरिअरचं वजन पण धरायचं. उभ्या गाडीत वर दोन माणसं झोपली तर चालतं कारण गाडी उभी असताना छत कितीतरी जास्त वजन पेलतं, प्रश्न आंबा घाटाच्या वळणांचा आहे. साडू स्वतःच म्हणाले की वळणावर गाडी आधीपेक्षा जास्त झुकते, आणि मागे बसलेल्या त्यांच्या मुलीला दोनदा उलटी झाली, ते त्यांनी वडापाववर ढकललं.

माझ्या फळीचा हिशोब साधा. 12 मिमीचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा घ्या, आयएस 710 मानकाचा शिक्का असलेला. साधा कमर्शियल घेतला तर या हवेत एका पावसाळ्यात फुगतो, माझा पहिला असाच गेला. पुढच्या सिटा सरकवून लांबी 6 फुटांच्या आसपास मिळाली, चाकांच्या फुगवट्यांमध्ये रुंदी साडेतीन फूट. म्हणजे दोन माणसं, तीही एकमेकांवर राग नसलेली. उंच माणसाने आधी रिकाम्या गाडीत आडवं होऊन बघावं. सहा सीटर, म्हणजे मधे दोन वेगळ्या खुर्च्या असलेली गाडी असेल तर हा खटाटोप फार जमत नाही, मधे दरी राहते. सुताराचे, गादीचे आणि जाळीचे मिळून माझे 14 हजार गेले. साडूंचे कॅरिअरसकट सव्वा लाखाच्या वर.

पोरं कुठे झोपली? जमिनीवरच्या साध्या टेंटमध्ये, दोन्ही घरांची. म्हणजे सव्वा लाख घालूनही खालचा टेंट लागलाच, कारण वर दोनच माणसं मावतात आणि रात्री शू लागली की पोरांना शिडीवरून कोण उतरवणार. खालच्या टेंटला भीती फुरशाची, म्हणजे छोट्या विषारी सापाची, विशेषतः कातळावर आणि गडग्याच्या कडेला, तेव्हा गडग्यापासून लांब मोकळ्यात लावा, चेन कायम बंद, सकाळी चपला झटकून घाला. आणि माडाखाली काहीच लावू नका, ना टेंट ना गाडी. नारळ राहू दे, सुकी झावळी पडली तरी काच जाते.

दोघांनाही सारखाच छळणारा प्रकार म्हणजे खारी हवा. साडूंच्या कॅरिअरचे बोल्ट आठ महिन्यांत तांबडे झाले, लावणाऱ्याने स्टेनलेस सांगितलं होतं. समुद्राजवळ स्टेनलेसमधलं 316 ग्रेड मागा, 304 पण हळूहळू डाग धरतं. ट्रिपहून आलात की खालून गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी. आणि गाडी पुळणीत घालू नका, रील्ससाठी तर अजिबात नाही. ओली वाळू घट्ट वाटते, भरती आली की चाकाखालून निघून जाते, मग ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव. शिवाय पोलीस गुन्हा नोंदवतात ते वेगळंच.

कायद्याचं पण बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही, बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 दंड होऊ शकतो. पुढचा लोखंडी गार्ड 2017 पासून बंदच आहे. माझी फळी चार बोल्ट काढले की घरात येते, सिटा जागेवरच असतात, म्हणून मला ती बरी वाटते. फ्रिजसाठी वायर कापून दुसरी बॅटरी बसवायच्या भानगडीत पण मी पडलो नाही, वॉरंटीचा वाद नको. 1000 वॅटअवरचा पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी घेतली, 40 लिटरचा फ्रिज त्यावर दीडेक दिवस चालतो आणि पुढच्या गावाला जाईपर्यंत गाडीतून थोडा चार्ज होतो. हर्णैच्या लिलावातली सुरमई गुहागरला पोचेपर्यंत ताजी राहिली, माझ्यापुरते पैसे तिथेच वसूल.

सकाळचा एक मुद्दा राहिला. दूध आणायला गाडी काढायची तर साडूंना आख्खा टेंट मिटवायला लागायचा, दव पडून कापड ओलं, तसाच ओला मिटवला की दोन दिवसांत बुरशीचा वास. म्हणून 7 दिवस दूध, पाव, मासे, सगळं माझ्या गाडीने आलं, गादीवर पिशव्या ठेवून.

सध्या त्यांचा टेंट पार्किंगमध्ये कप्पीला टांगलेला आहे. विकायचाय का विचारलं तर हो म्हणत नाहीत, नाही पण म्हणत नाहीत.