मांजराच्या पिल्लाच्या पिसवा, 1,850 रुपये आणि स्टिकरखालचं स्टिकर

लिहू की नको असं चाललं होतं, कारण आपणच येडे ठरलो हे चारचौघात सांगायला कोणाला आवडतं, पण आमच्या गल्लीतच अजून दोघांनी त्याच माणसाकडून पिसवांच्या औषधाची तीच बाटली घेतल्याचं कळलं म्हणून लिहितेय.

आम्ही पाचोऱ्याचे. दिवाळीनंतर घरात कापूस येऊन पडला होता आणि त्या ढिगातच हे पिल्लू सापडलं, आई कुठे गेली पत्ता नाही. पोरानं नाव ठेवलं कापशी. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं तर 450 ग्रॅम, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांची असेल. आणि अंगात पिसवा इतक्या की पोटावरचे केस बाजूला केले की पळताना दिसायच्या. उवांच्या फणीनं विंचरलं तर काळे बारीक दाणे पडले, ओल्या कापसावर ठेवले की लाल डाग. सासूबाई म्हणाल्या माती असेल, पण माती लाल कशाला होईल, ती पिसवांची घाण, म्हणजे पिल्लाचंच पचलेलं रक्त.

त्यात आमच्या पायांना घोट्यापाशी चावे सुरू झाले. मग व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर "पेट स्पेशालिस्ट, घरपोच सेवा, पिसवा गोचीड 2 वर्ष गॅरंटी" अशी जाहिरात दिसली आणि मी फोन केला. इथेच चुकलं. माणूस बोलायला इतका गोड, ताई ताई करत होता, पिल्लाचं वयही विचारलं, म्हणून मला वाटलं जाणकार आहे.

पहिल्यांदा आला तेव्हा पाठीवरच्या पंपानं (शेतात फवारतात तोच, साधा) दोन खोल्या मारल्या, 1,500 रुपये, पावती मागितली तर "ऑनलाइन येईल ताई". रॉकेलसारखा वास चार दिवस गेला नाही. आठवडाभर खरंच शांत होतं, मी दोन जणींना त्याचा नंबरसुद्धा दिला, आता लाज वाटते. बाराव्या दिवशी पोराच्या पांढऱ्या मोज्यावर परत पिसवा. फोन केला तर म्हणे "शेजारची मांजर आणते ताई, आता पिल्लालाच स्ट्राँग ड्रॉप लागेल, 100 टक्के आयुर्वेदिक, 350 फक्त". गॅरंटीचं काय विचारलं तर म्हणे गॅरंटी घराची आहे, मांजराची नाही!

छोटी बाटली, वर हिरवं स्टिकर, त्यावर मांजराचं चित्र आणि तुळशीचं पान. मानेवर चार थेंब टाकायला सांगितले, संध्याकाळी टाकले. रात्री दहाच्या सुमारास कापशीचे कान फडफडायला लागले, मला वाटलं पिसवा चावत असतील, मग लाळ, मग चारही पाय थरथर, हात लावला की दचकायची. सासूबाई दारातनं ओरडल्या, "माय वं, पिलूले काय व्हयनं!" त्याला सात वेळा फोन केला, मग नंबर ब्लॉक.

यांच्या ओळखीचे एक जनावरांचे डॉक्टर होते, त्यांना रात्रीच फोन लावला. ते म्हणाले आधी कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून मान आणि पाठ धुवा, कडक पाणी नको, पुसून उबेत गुंडाळा आणि लगेच घेऊन या, बाटलीही आणा. धुताना माझ्या ओल्या साबणाच्या हातानं बाटलीचं स्टिकर सरकलं. खाली दुसरं लेबल. कुत्र्याचं चित्र, आणि इंग्रजीत परमेथ्रिन (पिसवा-गोचीड मारायचं कीटकनाशक), मांजरांना वापरू नये. मी तिथेच मोरीत बसून राहिले.

डॉक्टरांनी सांगितलं की कुत्र्याला हे चालतं, पण मांजराच्या लिव्हरला ते मोडून बाहेर काढता येत नाही, सगळं नसांवर जातं, आणि एवढ्याशा जिवाला चार थेंब म्हणजे फार झालं. इंजेक्शनं दिली, रात्रभर तिथेच ठेवली. वाचली, तिसऱ्या दिवशी दूध मागायला लागली. सगळ्यांची वाचत नाहीत असं ते म्हणाले.

आणि फवारणीचा खेळ पण तेव्हाच कळला. अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच, बाकी अंडी, अळ्या, कोष सगळं घरात, गोधडीत, खाटेखाली. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालते, ती घरंगळून खाली पडतात. कोषावर औषध चालत नाही, त्यातनं नंतर नवीन निघतात. म्हणजे बाराव्या दिवशी परत येणार हे त्याला आधीच माहीत होतं, त्यावरच तर दुसरी बाटली विकायची.

मग आम्ही काय केलं तर उवांचीच फणी, दिवसातनं दोनदा, आणि शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी, फणीवर आली की बुडवायची. डॉक्टर म्हणाले आठ आठवड्यांच्या आत आपल्या मनानं कुठलाच ड्रॉप नको, नंतर वजन करून ते स्वतः देतील, तसा दिला. गोधड्या दर चार दिवसांनी उकळत्या पाण्यात आणि मग गच्चीवर उन्हात, मावशींकडून व्हॅक्युम आणून खाटेखाली, कोपऱ्यात, आणि त्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून बाहेर. महिना गेला त्यात, कंबर गेली माझी, पण आता मोज्यावर एक नाही.

1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट दिले, अजून काही आलेलं नाही. बाटली मी टाकली नाही, फ्रिजवर पोराच्या हाताला लागणार नाही अशी ठेवलीय, अर्धं स्टिकर लोंबतंय. कोणाकडे असली हिरवी तुळशीवाली असेल तर आधी नखानं कोपरा उचलून बघा.